वीस अंशांचा उंच त्रिकोण

फुलस्केप कागदाच्या तळाशी सहा सेंटिमीटरचा पाया काढा. दोन्ही टोकांना कोनमापक ठेवून ८० अंशांवर खुणा करा आणि रेषा वर वाढवत न्या. बराच वेळ त्या एकमेकींच्या जवळ यायला तयार नसतात. पायापासून सुमारे सतरा सेंटिमीटर उंचीवर त्या भेटतात आणि देवळाच्या शिखरासारखा सडसडीत समद्विभुज त्रिकोण उभा राहतो. वरच्या टोकाला अ म्हणू, पायाच्या डाव्या टोकाला ब आणि उजव्या टोकाला क. अ पाशी किती अंश उरले, हे शाळेतलं कुठलंही मूल सांगेल: १८० मधून १६० गेले, उरले २०.

आता ब पासून एक रेषा काढा, ती पायाशी ६० अंशांचा कोन करील अशी. समोरच्या अक बाजूला ती जिथे लागेल तो बिंदू इ. तशीच क पासून दुसरी रेषा, पायाशी ५० अंशांचा कोन करणारी. ती अब बाजूला फ मध्ये लागते. शेवटी फ आणि इ जोडा. प्रश्न एकच आहे: कोन बइफ किती अंशांचा?

एवढी साधी आकृती. एकही वर्तुळ नाही, एकही लांबी दिलेली नाही, सगळे कोन पूर्ण अंशांत. तरीही हे गणित शंभर वर्षांहून अधिक काळ माणसांना कागदावर वाकवून बसवत आलं आहे. ऑक्टोबर १९२२ मध्ये इंग्लंडमधल्या ‘मॅथेमॅटिकल गॅझेट’ या नियतकालिकात एडवर्ड मान लँग्ली यांनी ते छापलं. लँग्ली बेडफर्डला शाळेत गणित शिकवत. शाळामास्तरांसाठी निघालेल्या या नियतकालिकाचे पहिले संपादकही तेच. १८९४ साली त्यांनीच ते सुरू केलं. ‘मेन ऑफ मॅथेमॅटिक्स’ हा गाजलेला ग्रंथ लिहिणारे एरिक टेंपल बेल हे त्यांचे विद्यार्थी. लँग्लींनी उत्तर लपवलं नव्हतं. प्रश्नातच सांगून टाकलं होतं की कोन ३० अंशांचा आहे, तेवढं सिद्ध करा.

कोनमापक लावून पाहिलं तर तीसच्या आसपास काहीतरी येतं. पण पेन्सिलीच्या टोकाची जाडी आणि हाताची थरथर धरली तर तीस की एकोणतीस, हे कागद सांगू शकत नाही. शाळेत सगळे जे करतात तेच मग करायचं: माहीत असलेल्या कोनांवरून माहीत नसलेले काढत जायचं.

तर काढू. त्रिकोण बइक मध्ये ब पाशी ६०, क पाशी ८०, म्हणून इ पाशी ४०. त्रिकोण बफक मध्ये ब पाशी ८०, क पाशी ५०, म्हणून फ पाशी ५०. बइ आणि कफ या रेषा जिथे छेदतात तो बिंदू प. त्रिकोण बपक मध्ये ६० आणि ५० गेले, प पाशी ७० उरले. समोरचा विरुद्ध कोन फपइ सुद्धा ७०. इथपर्यंत हात भराभर चालतो. आता दोनच कोन राहिले: बइफ, त्याला क्ष म्हणू, आणि कफइ, त्याला य.

त्रिकोण फपइ पाहा. ७० अधिक क्ष अधिक य बरोबर १८०. म्हणजे क्ष अधिक य बरोबर ११०. छान, एक समीकरण मिळालं. आणखी एक मिळालं की काम झालं. वरचा त्रिकोण अफइ घेऊ. अ पाशी २०, इ पाशी १४० उणे क्ष, फ पाशी १३० उणे य. बेरीज १८० मांडली की उरतं: क्ष अधिक य बरोबर ११०. चौकोन बकइफ घेऊ, त्याच्या चार कोनांची बेरीज ३६०. ८०, ८०, ४० अधिक क्ष, ५० अधिक य. पुन्हा तेच ११०.

मी हे गणित पहिल्यांदा घेतलं तेव्हा पाठपोट दोन पानं भरली होती आणि प्रत्येक वाट ११० वर येऊन थांबत होती. अशा वेळी वाटतं की आपण कुठला तरी त्रिकोण पाहायचा विसरलो. तसं नसतं. आकृतीतला एकही त्रिकोण सुटलेला नसतो, आणि असंख्य त्रिकोण तपासले तरी दुसरं समीकरण निघणार नाही. फइ ही रेषा मनात थोडी फिरवून पाहा: क्ष एका अंशाने कमी झाला की य एका अंशाने वाढतो, बेरीज तीच राहते. १८० अंशांच्या नियमाला त्या फिरण्याचा पत्ताच लागत नाही. तो नियम फक्त दिशा जाणतो. फ हा बिंदू ब पासून किती वर आहे आणि इ हा क पासून किती वर, हे अंतर त्याला दिसत नाही. हरवलेला कोन मात्र त्या अंतरावरच ठरतो.

म्हणून कोनांच्या या गणितात कुठून तरी लांबी आणावी लागते. आकृतीत तर एकही लांबी दिलेली नाही. मग ती येणार कुठून? ती येते त्रिकोणाच्या दोन कोनांच्या समानतेतून. दोन कोन समान असतील तर त्यांच्या समोरच्या बाजू समान: शाळेत समद्विभुज त्रिकोणाच्या प्रमेयाचा व्यत्यास म्हणून हे आपण पाठ करतो आणि विसरून जातो. कोनांच्या मुलखातून लांबीच्या मुलखात जाणारी ही अरुंद पायवाट आहे, आणि पुढचं सगळं काम तिच्यावरून होतं.

१९२३ साली त्याच नियतकालिकात जे उलगडे छापले गेले, त्यांतला जे. डब्ल्यू. मर्सर यांचा उलगडा मला सगळ्यांत सुंदर वाटतो. त्यांनी एकच नवी रेषा काढली. ब पासून पायाशी २० अंशांचा कोन करणारी रेषा, अक बाजूला लागेपर्यंत. तो बिंदू ग.

आता सावकाश पाहू या. त्रिकोण बकग मध्ये ब पाशी २०, क पाशी ८०, म्हणून ग पाशी ८०. दोन कोन समान, म्हणून बग आणि बक या बाजू समान. आधीच्या त्रिकोण बफक मध्ये क पाशी ५० आणि फ पाशी ५०. म्हणून बफ सुद्धा बक इतकीच. म्हणजे बफ आणि बग एकमेकींइतक्या. त्यांच्यामधला कोन किती? ब पाशी एकूण ८०, त्यातले २० गेले, राहिले ६०. दोन बाजू समान आणि मधला कोन ६०, म्हणजे त्रिकोण बफग समभुज! जिथे कुठलीच समानता दिसत नव्हती तिथे एक आख्खा समभुज त्रिकोण दडून बसला होता.

फग ही बाजूही आता बग इतकीच झाली. पुढे त्रिकोण बगइ. ब पाशी ६० मधून २० गेले, ४० राहिले. इ पाशी ४० हे आधीच काढलेलं आहे. पुन्हा दोन समान कोन, म्हणून गइ आणि बग समान. तर ग पासून फ, ब आणि इ हे तिन्ही बिंदू सारख्याच अंतरावर आले. उरला त्रिकोण फगइ. गफ आणि गइ समान. ग पाशी सरळ रेषेवरचे १८०, त्यातून ८० आणि ६० वजा, राहिले ४०. म्हणून पायाचे दोन्ही कोन ७०-७०. त्या ७० मधून बइक चे ४० काढले की कोन बइफ बरोबर ३०.

या उलगड्यात त्रिकोणमिती नाही, बीजगणित नाही. लागतात ती युक्लिडच्या ‘एलिमेंट्स’च्या पहिल्या पुस्तकातली तीन प्रमेयं. पाचवं: समान बाजूंसमोरचे कोन समान. सहावं: त्याचा व्यत्यास. आणि बत्तिसावं: त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज दोन काटकोन. इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास मांडलेल्या या तीन वाक्यांत १९२२ सालच्या गणिताचं उत्तर आधीपासून होतं.

बत्तिसावं प्रमेय तर युक्लिडहूनही जुनं. प्रोक्लस या भाष्यकाराने त्याची एक सिद्धता पायथागोरसच्या अनुयायांच्या नावावर नोंदवली आहे: शिरोबिंदूतून पायाला समांतर रेषा काढायची, पायाचे दोन्ही कोन व्युत्क्रम कोन होऊन वर येतात आणि मधल्या कोनाच्या दोन्ही बाजूंना बसतात. तिन्ही मिळून एक सरळ रेषा होते. इथेही युक्ती तीच आहे: आकृतीत नसलेली एक रेषा काढणं.

ही प्रमेयं आपल्याकडे संस्कृतात आली ती जगन्नाथ सम्राट या महाराष्ट्रीय पंडितामुळे. जयपूरच्या सवाई जयसिंगाच्या पदरी असताना, अठराव्या शतकात, त्यांनी नसीरुद्दीन तूसीच्या अरबी आवृत्तीवरून ‘रेखागणित’ हा पंधरा अध्यायांचा ग्रंथ सिद्ध केला. त्यातल्या त्रिकोणाला ‘अबज’ म्हटलेलं आहे. अलिफ, बे, जीम हा अरबी अक्षरांचा जुना क्रम जसाच्या तसा संस्कृतात उतरला. ग्रीक विचार, अरबी क्रम आणि देवनागरी अक्षरं एकाच आकृतीभोवती बसलेली पाहताना मला फार आनंद होतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा ग्रंथ मुंबईच्या संस्कृत ग्रंथमालेत छापूनही निघाला.

लँग्लींच्या त्रिकोणाकडे परत येतो, कारण खरं आश्चर्य अजून पुढेच आहे. उत्तर पूर्ण तीस अंश यावं हेच मुळात विलक्षण आहे. क पाशी ५० ऐवजी ५५ अंशांची रेषा काढून पाहा, बाकी सगळं तसंच ठेवा. बइफ आता सुमारे ४१.८ अंश येतो, दशांश चिन्हापुढे न संपणारा. पन्नासच्या जागी सत्तर घेतले तर मात्र चित्र पुन्हा पालटतं. हा दुसरा नमुना पहिल्याइतकाच प्रसिद्ध आहे, आणि त्यात फइ आणि क मधून निघालेली रेषा यांच्यामधला कोन बरोबर २० अंश भरतो. बहुतेक ठिकाणी भलतेच आकडे आणि मध्येच एखाद्या ठिकाणी स्वच्छ पूर्ण अंश. अशा कोनांना कॉलिन ट्रिप यांनी १९७५ साली त्याच गॅझेटमध्ये एक नाव दिलं. मराठीत त्याला आगंतुक कोन म्हणता येईल, न बोलावता आलेले.

पण ते न बोलावता आलेले नाहीत, हे पुढे कळतं. त्यासाठी एका वर्तुळावर समान अंतरावर अठरा बिंदू मांडा, म्हणजे अठरा भुजांची सुसम आकृती. शेजारच्या दोन बिंदूंमधला कंस २० अंशांचा. त्या कंसात अंतर्लिखित होणारा कोन त्याच्या निम्मा, म्हणजे १० अंशांचा. म्हणून या अठरा बिंदूंपैकी कुठल्याही एका बिंदूपासून बाकीच्यांकडे रेषा काढल्या तर लगतच्या दोन रेषांमध्ये नेहमी दहा अंश असतात. लँग्लींच्या आकृतीतले सगळे कोन दहाच्या पटीत आहेत. ब, क आणि इ या तीन बिंदूंतून वर्तुळ काढलं तर ते तिन्ही या अठरा बिंदूंपैकी असतात. आणि त्यांच्यापासून फ कडे जाणाऱ्या तीन रेषा म्हणजे या आकृतीचेच तीन कर्ण. बइफ तीस अंशांचा आहे असं म्हणणं आणि हे तीन कर्ण वर्तुळाच्या आत एकाच बिंदूत भेटतात असं म्हणणं, दोन्ही एकच.

दोन रेषा कुठे तरी भेटणारच. तिसरी नेमकी त्याच ठिकाणाहून जावी हा योग. असे योग सुसम आकृत्यांत केव्हा येतात, याचा हिशेब १९३६ साली डच गणिती खेरिट बोल यांनी मांडला. वर्तुळाच्या आतल्या छेदबिंदूंची संपूर्ण मोजदाद ब्योर्न पूनेन आणि मायकेल रुबिनस्टाइन यांनी १९९८ साली प्रसिद्ध केली. ती मोजदाद पाहताना मी थक्क झालो. भुजांची संख्या विषम असेल तर आत कुठेही तीन कर्ण एका बिंदूत भेटत नाहीत, एकदाही नाही. सतरा भुजांच्या आकृतीत कर्णांचे २,३८० वेगवेगळे छेदबिंदू आहेत. एक भुजा वाढवून अठरा करा. कर्ण वाढतात, तेव्हा छेदबिंदूही वाढायला हवेत. योग आलेच नसते तर ते ३,०६० झाले असते. प्रत्यक्षात आहेत १,८३७. बाकीचे सगळे एकमेकांत मिसळून गेले आहेत. आणि केंद्रबिंदू सोडला तर कुठल्याही सुसम आकृतीत, तिला कितीही भुजा असोत, एका आतल्या बिंदूतून सातांपेक्षा जास्त कर्ण जात नाहीत. लँग्लींच्या त्रिकोणातलं तीस अंशांचं उत्तर या प्रचंड जाळ्याच्या एका गाठीवर बसलेलं आहे.

कोन आणि लांबी यांच्यातल्या त्या पायवाटेवरून कागदाबाहेरही एक फार मोठा प्रवास झाला, आणि त्याचा एक टप्पा विदर्भात आहे. १८०२ साली विल्यम लॅम्ब्टन या सर्वेक्षकाने मद्रासजवळ सुमारे बारा किलोमीटरची एक सरळ पायारेषा पोलादी साखळीने मोजली. त्याला ५७ दिवस लागले. त्यानंतर शक्यतो लांबी मोजायची नाही, कोनच मोजायचे. पायारेषेच्या दोन टोकांवरून दूरची एखादी टेकडी किंवा गोपुर पाहायचं, कोन घ्यायचे, त्यांवरून त्रिकोणाच्या उरलेल्या बाजू काढायच्या. त्यातली एक बाजू पुढच्या त्रिकोणाचा पाया. असे त्रिकोणाला त्रिकोण जोडत मोजणीची साखळी उत्तरेकडे सरकत गेली. कोन मोजण्याचं यंत्र, थिओडोलाइट, सुमारे अर्ध्या टनाचं होतं आणि त्याचं कोनचक्र तीन फूट व्यासाचं.

अशा त्रिकोणाचे दोन कोन मोजले की तिसरा वजाबाकीने मिळायला हवा. तरीही मोजणीदार शक्य असेल तिथे तिसऱ्या टेकडीवर यंत्र चढवत आणि तो कोनही मोजत. एक कारण उघड आहे, चूक पकडण्यासाठी. दुसरं कारण खोल आहे. पृथ्वी गोल आहे, आणि गोलावरच्या त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० अंश भरत नाही, ती जास्त भरते. उत्तर ध्रुव आणि विषुववृत्तावरचे ९० अंशांच्या अंतरावरचे दोन बिंदू घेतले तर तिन्ही कोन काटकोन, बेरीज २७०. लहान त्रिकोणात ही वाढ फार सूक्ष्म असते: सुमारे १९७ चौरस किलोमीटर क्षेत्रफळामागे एक विकला, म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग. ५० किलोमीटरच्या समभुज त्रिकोणात साडेपाच विकला. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण दिशेत साडेपाच विकलांची चूक ५० किलोमीटरवर सुमारे १.३ मीटरची होते, आणि पुढच्या प्रत्येक त्रिकोणात ती सोबत चालत जाते.

ल्जांद्र या फ्रेंच गणितीने अठराव्या शतकाच्या अखेरीस यावर सुरेख उपाय दिला होता. ही वाढ काढायची, तिचा तिसरा हिस्सा प्रत्येक कोनातून वजा करायचा, आणि मग तो त्रिकोण सपाट कागदावरचा समजून बाजू काढायच्या.

लॅम्ब्टन वीस वर्षं हे काम करत राहिला. जानेवारी १८२३ मध्ये, साखळी उत्तरेकडे नेत असताना, वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला त्याचा मृत्यू झाला. त्याची कबर तिथेच आहे. सर्वेक्षणाच्या तक्त्यांत प्रत्येक त्रिकोणाला स्वतःच्या ओळी असत: प्रत्यक्ष मोजलेले कोन, गोलाईमुळे आलेली वाढ, मोजणीतली चूक, आणि शेवटी हिशेबासाठी दुरुस्त केलेले कोन. त्या शेवटच्या रकान्याची बेरीज न चुकता १८० अंश.